कार्बोरेटर उघडून बसलेला माणूस

तुमची मोटरसायकल जंगलातल्या रस्त्यावर बंद पडली, तर ती उघडायचा हक्क कोणाचा? तुमचा, की ती बनवणाऱ्या कंपनीचा?

हा प्रश्न मी या हिवाळ्यात अमरावतीच्या आमच्या घरी, ताटं वाढलेली असताना, भर सभेत विचारावा तसा विचारला. माझी धाकटी बहीण प्रज्ञा तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "ताई, माईक बंद कर. माय जेवून राहिली."

प्रज्ञा आरोग्यसेविका आहे. तिची नेमणूक धारणीकडच्या एका उपकेंद्रात झाली आणि तिला गाडी लागणार होती. स्कूटी तिकडच्या रस्त्यांवर टिकत नाही. बाबांनी आम्हा दोघींना गिअरची मोटरसायकल शिकवलेली, त्यामुळे चालवायचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो कोणती चालवायची याचा. बाबांची जुनी, कार्बोरेटरवाली, की शोरूममधली नवी, फ्यूल इंजेक्शनवाली? कार्बोरेटरची नवी गाडी आता जवळपास मिळतच नाही. म्हणजे निवड सरळ होती. बाबांची गाडी, किंवा बाबांची नसलेली.

ज्यांना या दोन्हींतला फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला लागून बसवलेली मुठीएवढी धातूची वस्तू. तिच्या तळाशी एक वाटी असते. टाकीतलं पेट्रोल कॉक नावाच्या तोटीतून त्या वाटीत उतरतं आणि जेट नावाच्या पितळी तुकड्याच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं, हवेत मिसळतं, पेटतं. भोकात कचरा अडकला की गाडी आचके देते. मग पेट्रोल बंद करायचं, वाटी खोलायची, जेट काढून फुंकर मारायची. एवढंच. थंडीत मात्र तिची मनधरणी करावी लागते, चोक ओढावा लागतो, किका माराव्या लागतात. फ्यूल इंजेक्शनमध्ये मनधरणी नाही. किती पेट्रोल सोडायचं ते आतला छोटा संगणक ठरवतो. बटण दाबा, निघा. पण बिघडली तर फुंकर कुठे मारायची हे कोणी सांगू शकत नाही. समोर एक पिवळा दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ सांगणारं यंत्र शहरात असतं.

माझी बाजू कोणती, हे सांगायला नको. मी पत्रकांवर वाढले.

हे अलंकारिक नाही. आमच्या घरात फडताळांत अंथरलेली असायची ती उरलेली पत्रकं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावर, आणि गणितं केली ती त्यांच्या पाठीवर. 'भूमिहीन' हा शब्द मला 'भूगोल'च्या आधी वाचता यायचा. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, आणि सुटीच्या दिवशी ते गाडीच्या टाकीवर पत्रकांचा गठ्ठा बांधून निघत. कधी नांदगाव खंडेश्वरकडे, कधी कौंडण्यपूरच्या यात्रेत, आणि बहुतेक वेळा मेळघाटात. रेशन, मजुरी, वनजमीन, दवाखाना. मेळघाटात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. तिकडे पत्रक म्हणजे परचा, म्हणून ते परचेवाले भाऊ.

पत्रक कसं लिहावं याचे त्यांचे नियम होते. सुरुवातीला प्रश्न, कारण प्रश्न विचारला की माणूस कागद चुरगाळायचा थांबतो. मध्ये आरोपी, नाव घेऊन. आणि शेवटी काम. "वाचणाऱ्याले काम दे," ते म्हणायचे. "काम नाई देल्लं तर ते पत्रक नाई, नुसती शाई."

गाडीबद्दलही त्यांचं मत पत्रकासारखंच होतं. "जे आपल्याले खोलता येत नाई ते आपलं नसते," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे मी ते माझंच वाक्य म्हणून भाषणांत वापरलं. ते गाडी खोलायला बसत तेव्हा आम्ही दोघी समोर. खोललेले भाग ते कधी नुसत्या जमिनीवर ठेवत नसत. फडक्यावर एका ओळीत मांडत. पहिला खोललेला डावीकडे, शेवटचा उजवीकडे. लावताना उलटं यायचं. प्रज्ञा मुद्दाम एखादा जेट जागचा हलवून ठेवायची आणि ते न बघताच म्हणायचे, "पोट्टे, जागेवर ठेव."

अकोल्याचा हिवाळा लोक हिशेबात धरत नाहीत. मी अकोल्यात एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, आणि तिथल्या माणसांना उन्हाळ्याबद्दल बोलायला जेवढं आवडतं तेवढं दुसऱ्या कशाबद्दल नाही. पण हिवाळा येतो. मूर्तिजापूरच्या रस्त्याला बाभळीच्या काट्यांवर कापसाचे पुंजके लटकायला लागतात, गाड्यांतून ओरबाडलेले. बडनेऱ्याच्या अलीकडे संत्र्यांचे ढीग दिसतात. सकाळी गल्लीत कोणीतरी चोक ओढून किक मारतो, इंजिन खोकतं, मरतं, पुन्हा खोकतं. पूर्वी हा आवाज दर तिसऱ्या दारातून यायचा. दरवर्षी तो कमी होतोय. आता लोक बटण दाबतात आणि निघून जातात. सकाळ शांत झाली आहे, आणि त्या शांततेत ज्या एखाद्या दारातून तो खोकला ऐकू येतो, तिथे मला बाबा वाकून उभे दिसतात. डोक्याला मफलर गुंडाळलेला, एक हात चोकवर.

गेले काही हिवाळे असं होतं. बाबा हिवाळ्यात गेले म्हणून.

त्यांच्या येण्याचाही एक आवाज होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याची टाकी आहे. घरी परतताना बाबा टाकीपाशी आले की चालत्या गाडीवरच डावा हात खाली नेऊन पेट्रोलचा कॉक बंद करायचे. तिथून दारापर्यंत गाडी चालायची ती वाटीत उरलेल्या पेट्रोलवर. अंगणात शिरता शिरता इंजिन दोन उचक्या देऊन आपोआप विझायचं. किल्ली फिरवायची गरजच नाही. शेजारी हसायचे, माय चिडायची, "एखांद्या दिवशी दाराच्या अलीकडंच बंद पडन." कधीच पडली नाही. त्या दोन उचक्या ऐकल्या की माय शेगडीवर चहाचं आधण ठेवायची. ते गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, दिवेलागणीला, कोणाची तरी गाडी टाकीपाशी अशीच उचकली. माय उठली, आधण ठेवलं, आणि पाणी आटेपर्यंत शेगडीसमोर उभी राहिली. 

ते कसे गेले, ते सांगते.

सेमाडोहच्या पुढे, धारणीच्या वाटेवर, एका सागाच्या झाडाला पाठ टेकून ते बसलेले सापडले. शेजारी गाडी स्टँडवर. समोर जमिनीवर मफलर अंथरलेला, आणि त्यावर उघडलेल्या कार्बोरेटरचे भाग एका ओळीत मांडलेले. मान खाली, जणू त्या ओळीकडे बघताहेत. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं.

ज्याला ते सापडले तो रामलाल, धारणीचा, काळी-पिवळी जीप चालवणारा. दिवसकार्य झाल्यावर तो अमरावतीला आमच्या घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि मायकडे न बघता बोलायला लागला.

"जाताना पाहिलं मी त्याईले. सवाऱ्या होत्या गाडीत. परचेवाले भाऊ झाडाले टेकून, पुढं पार्ट मांडून. हॉर्न देल्ला मी. त्याईनं पाहिलं नाई. वाटलं, कामात हायेत."

माय म्हणाली, "मंग?"

"मंग येताना पाहिलं. तसेच बसून. तवा मले वाटलं, हात काहून हालून नाई राहिले?" त्याने पेला खाली ठेवला. "एस्टी बी गेली ना भाभी तिथून. जीपा गेल्या. साऱ्याईनं पाहिलं असन. पण कार्बोरेटर खोलून बसलेल्या माणसाजवळ कोण थांबते? आपल्याकडं तर रोजचं हाय ते. तो आपला फुंकते, लावते अन् जाते."

आमच्याकडची ही खास चूक आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर एखादा माणूस असा बसला असता तर कोणीतरी विचारलं असतं, निदान फोटो तरी काढला असता. आमच्या रस्त्यांवर मोटरसायकल उघडून बसलेला माणूस झाडासारखा असतो. तो दिसतो आणि दिसत नाही. आपली गाडी आपण खोलतो याचा आम्हाला इतका अभिमान, की खोलून बसलेल्याला मदत विचारणं हा त्याचा अपमान वाटावा. मी ज्या गोष्टीचा झेंडा करून नाचवत होते, तिच्याच आडोशाला बाबा बसून राहिले. किती वेळ, कोणाला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात मी एक पत्रक लिहायला बसले. प्रश्न होता. शेवटी द्यायचं काम सुचत नव्हतं, पण ते नंतर बघू म्हटलं. अडलं मधल्या भागात. पत्रकाला आरोपी लागतो. रस्ता? खराब होता, पण बाबांना त्याने पाडलं नव्हतं. दवाखाना? लांब होता, पण त्यांना तिथे नेलंच नव्हतं कोणी. मग उरलं ते मफलरवर मांडलेलं. जेटमध्ये कचरा अडकला, गाडी बंद पडली, म्हणून ते तिथे थांबले, आणि थांबले म्हणून गेले? तसं असेल तर आरोपी कार्बोरेटर. इंजेक्शनची गाडी असती तर ते धारणीला पोचले असते, छातीत दुखलं असतं तेव्हा आसपास माणसं असती. की आधी छातीत दुखलं, म्हणून थांबले, आणि हातांना सवय म्हणून वाटी खोलत बसले? कोणाला सांगायचं नव्हतं की दुखतंय, म्हणून गाडीचं दुखणं काढलं? तसं असेल तर गाडी निर्दोष.

मी शब्बीरभाईंकडे गेले. बाबांची गाडी मोठं काम निघालं की त्यांच्याच गॅरेजात जायची, आणि दोघांची भांडणंही तिथेच चालायची. शब्बीरभाई एरवी गप्प न बसणारा माणूस. "तुमचे बाबा गाडी कमी अन् सभा जास्त चालवत होते," असं ते बाबांच्या तोंडावर म्हणायचे. रामलालने पोचवलेले भाग त्यांनीच गाडीला पुन्हा बसवले होते.

"जेट साफ होता का?" मी विचारलं.

"एकदम साफ."

"म्हणजे कचरा नव्हताच?"

"म्हंजे कचरा नव्हता, नाई तर त्याईनं फुंकला होता." त्यांनी हात पुसले. "बेटा, फुंकलेला जेट अन् साफ जेट सारखाच दिसते. मले इचारू नको. मी बी रोज इचारतो."

मग पाना उचलून ते दुसऱ्या गाडीकडे वळले. 

मफलरचंही तसंच. भाग ठेवायला फडकं लागतं म्हणून काढला, असं शब्बीरभाई म्हणतात. प्रज्ञा तेव्हा नर्सिंग शिकत होती, ती एकदा हळूच म्हणाली, "तेवढ्या थंडीत डोक्याचा मफलर कोणी काढते का ताई? घाम आला असन त्याईले. अशा वेळी घाम येते." आणि मायचं तिसरंच. गाडी टेम्पोतून घरी आली तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद होता. वाटी खोलायची तर तो बंद करावाच लागतो, त्यात विशेष काही नाही. पण मायने त्या कॉकवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "घरी आल्यासारखा बंद केला त्याईनं."

तीन माणसं, तीच गाडी, तोच मफलर. पत्रक मी लिहिलं नाही.

म्हणून या हिवाळ्यात प्रज्ञाच्या गाडीचा विषय निघाला तेव्हा आम्ही तिघी बोलत होतो चोक आणि संगणकाबद्दल, पण ऐकत होतो दुसरंच. बाबांची गाडी निवडली तर ती निर्दोष. नवी निवडली तर जुनी दोषी, असा निकाल लागला. मला तो निकाल लागू द्यायचा नव्हता. मी कंपन्यांवर बोलले, हक्कांवर बोलले, पिवळ्या दिव्यावर बोलले. सगळं खरं बोलले, आजही ते मला खरंच वाटतं. माणसाच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेणं ही सत्ता काढून घेण्याचीच रीत आहे.

प्रज्ञाने शेंगांची टरफलं गोळा केली.

"ताई, मले सकाळी फोन येईन, बाई अडली म्हणून. तवा मी थंडीत चोक ओढत बसू?"

"बंद पडली तर उघडता येणार नाही तुला ती."

"उघडायची नाईच मले. पोचायचं हाय."

"आणि मध्येच बंद पडली तर? जंगलात फोनला रेंज नसते."

"मंग थांबीन. कोणीतरी थांबन."

ती बोलून गेली आणि तिच्याच लक्षात आलं. ताटावरचा हात तसाच राहिला. मायने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तिने भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबन का?"



प्रज्ञाने नवी गाडी घेतली. निळी. परवा सकाळी ती निघाली तेव्हा धुकं होतं. तिने बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली, काही न खोकता, काही न मागता. इतकी पटकन की आम्हाला निरोपाला वेळच मिळाला नाही. चोक ओढायचा असता तर मायने तेवढ्यात तिची ओढणी नीट केली असती, डबा पुन्हा एकदा तपासला असता. कार्बोरेटरच्या गाड्या माणसांना निघायला वेळ लावत, आणि त्या वेळात घरं खूप काही बोलून घेत, हे मला त्या दिवशी कळलं. पाण्याच्या टाकीपाशी पोचल्यावर, परतताना बाबांचा जायचा तसा, तिचा डावा हात सवयीने खाली गेला. तिथे कॉक नाही. हात क्षणभर गुडघ्यापाशी रेंगाळला आणि पुन्हा हँडलवर गेला. 

बाबांची गाडी मी अकोल्याला घेऊन निघाले. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक माणूस दिसला. मोटरसायकल स्टँडवर, तो उकिडवा बसलेला, मान खाली. मी पुढे निघून गेले होते. मग वळले, परत आले, गाडी बंद केली.

"काय झालं भाऊ?"

त्याने वर पाहिलं नाही.

"भाऊ, बरं वाटून राहिलं ना?"

त्याने मान वर केली. हातात स्पार्क प्लग, दातांत फडकं. फडकं काढून म्हणाला, "मले काय झालं? प्लग साफ करून राहिलो. तुमाले काय पायजे?"

"काही नाही. विचारलं."

"जा बाप्पा मंग, उजेडातून बाजूले व्हा."

मी बाजूला झाले. त्याने प्लग बसवला, किक मारली, गाडी खोकली, सुरू झाली. जाता जाता त्याने मागे वळून पाहिलं, या बाईला नक्की काय हवं होतं असा चेहरा करून. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच, बाभळीखाली, बाबांच्या गाडीवर बसून रडले. हात हलत होते त्याचे.

ते पत्रक मी अजून लिहिलेलं नाही. मधला भाग रिकामाच राहणार, हे आता मान्य आहे. कार्बोरेटर दोषी की निर्दोष, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. पण शेवटचं काम सापडलं आहे, आणि बाबांच्या नियमाप्रमाणे ते मी तुम्हाला देते.

रस्त्याच्या कडेला गाडी उघडून बसलेला माणूस दिसला, तर थांबा. हॉर्न देऊन पुढे जाऊ नका. उतरा, आणि तो मान वर करून तुमच्याकडे बघेपर्यंत तिथून हलू नका. तो चिडेल. चिडू द्या. चिडलेला माणूस जिवंत असतो. आणि धारणीच्या वाटेवर पिवळा दिवा लागलेल्या निळ्या गाडीशेजारी एखादी नर्स उभी दिसली, तर तिला विचारायचीही गरज नाही. तिला मागे बसवा, आणि जिथे पोचायचं आहे तिथे पोचवा.